बंदी बारवर की बाईवर?

गोकुळ रोडवर विमानतळ आहे, औद्योगिक वसाहत आहे, न्यू बसस्टँड आहे. साहजिकच रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे बारही आहेत. नवीन बारची पाटी लागली की आमच्या हुबळीकर मराठी मंडळींत वाद ठरलेला. एकजण म्हणतो, “पोरंबाळं राहतात इथं, बंदच करा.” दुसरा म्हणतो, “ज्याला जायचं तो जाईल, तुमचं काय जातं?” दोघांचं बोलणं गिऱ्हाइकाभोवतीच फिरतं. आत काम करणाऱ्या बाईचा विषय निघत नाही. म्हणूनच महाराष्ट्रातल्या डान्सबार बंदीच्या प्रकरणावर मी इतकी वर्षं लक्ष ठेवून आहे.

२००५ साली रायगड जिल्ह्यातल्या डान्सबारविषयी विधानसभेत लक्षवेधी सूचना आली आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली. राज्यपाल होते आपल्या कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा. त्यांनी वटहुकमावर सही न करता तो परत पाठवला. मग जुलैत विधिमंडळाने एकमताने कायदा केला. आबांच्या, म्हणजे पाटलांच्या, हेतूबद्दल मला शंका नाही. गावोगावच्या आयांनी त्यांच्याकडे गाऱ्हाणी नेली होती. कर्त्या मुलाची कमाई एका रात्रीत उधळली जात होती, हेही खोटं नव्हतं.

पण तो कायदा वाचावा! मुंबई पोलीस कायदा, १९५१ यात ३३अ आणि ३३ब अशी दोन कलमं घातली गेली. पहिल्याने हॉटेल, परमिट रूम आणि बिअर बारमधला नाच बंद केला. दुसऱ्याने तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना आणि क्लबांना सूट दिली. तेच गाणं आणि तोच नाच पनवेलच्या हायवेवर अश्लील, आणि मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात मात्र संस्कृती! अश्लीलता नाचात असेल तर ती दोन्हीकडे असायला हवी. ती गिऱ्हाइकाच्या पाकिटावरून ठरत असेल, तर त्या कायद्याला नीतीचा कायदा म्हणता येत नाही. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, ती समानता आणि व्यवसायस्वातंत्र्य या दोन्ही मुद्द्यांवर. पंचाहत्तर हजारांवर बायकांचा रोजगार गेला आणि त्यांतल्या अनेकींना देहविक्रयाकडे वळावं लागलं, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमूद आहे.

या बायका कोण होत्या? एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने आणि स्त्री अत्याचारविरोधी मंचाने पन्नास बारमधल्या पाचशे जणींशी बोलून अभ्यास केला. अनेकींवर अख्खं घर चालत होतं. बऱ्याच जणी पिढ्यान्पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या होत्या. वर्षा काळे यांच्या पुढाकाराने बारगर्ल्सची युनियन उभी राहिली आणि त्या रस्त्यावर उतरल्या.

बंदीचा हा खेळ जुना आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, मग सुधार समिती नेमली, १९५४ मध्ये परिनिरीक्षण मंडळ आलं. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता, त्यामुळे १९५१ चा तो पोलीस कायदा आमच्याकडेही लागू होता.

हुबळीत हा विषय निघाला की मला गायिका गंगूबाई हनगल आठवतात. उणकलला त्यांच्या नावाचं गुरुकुल आहे, तिथे मी अधूनमधून जातो. गाणाऱ्या बायकांच्या कुळात जन्मलेली ही मुलगी. धारवाडच्या शुक्रवारपेठेतून जाताना ‘गाणेवाली’ म्हणून पोरं तिला चिडवत. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गायला ती उभी राहिली, तेव्हा आपल्याला पंगतीची उष्टी काढायला सांगतील की काय, ही धास्ती तिच्या मनात होती. पुढे तिला पद्मविभूषण मिळालं. डान्सबारमधली प्रत्येक मुलगी गंगूबाई होती, असं मी म्हणत नाही. पण बाईने चारचौघांत कला दाखवून पैसे घेतले की तिला खालची ठरवणारी नजर तीच आहे, आणि ती नजर कायद्यात उतरली याचा मला संताप येतो.

आमच्या राज्याने बंगळूर शहरासाठी वेगळी वाट धरली. लाइव्ह बँड, कॅबरे, डिस्कोथेक यांना पोलीस परवाना सक्तीचा करणारा २००५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये वैध ठरवला. परवाना मागणं आणि धंदाच मोडणं, यातला फरक महाराष्ट्राने ओळखला नाही. तिथे २०१६ मध्ये नवा कायदा आला: शाळा-देवळापासून एक किलोमीटर अंतर, सीसीटीव्ही, मंच आणि मद्य यांच्यामध्ये भिंत. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. सिक्री यांच्या खंडपीठाने यातल्या बहुतेक अटी काढून टाकल्या. २००५ पासून एकही परवाना दिला गेला नाही, याचीही नोंद घेतली. बक्षिशी चालेल, नोटा उधळायच्या नाहीत. रात्री साडेअकराची वेळमर्यादा कायम.

त्याच निकालात दोन गोष्टी टिकल्या, त्यांच्याकडे वर्तमानपत्रांनी फारसं पाहिलं नाही. लेखी करार आणि मोबदला थेट बाईच्या बँक खात्यात. माझ्या मते सगळ्या वादातलं खरं काम इथे आहे. हे करार तपासायला पोलीस नकोत, कामगार खात्याचे निरीक्षक हवेत. कपडे बदलायला बंद खोली, स्वच्छ संडास, रात्री घरी सोडायला गाडी, या अटी परवान्यातच घालाव्यात, मग ते बार पनवेलचे असोत की आमच्या गोकुळ रोडवरचे.