सेफ्युरोक्झिम : कोणत्या दुखण्यावर, कोणत्या नाही

ताप आला की दुकानातून ‘जरा भारी’ गोळी मागून आणायची आणि बरे वाटताच उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या, ही सवय आपल्या भैरवगढ़लाही आहे. अशा भारी गोळ्यांपैकीच एक सेफ्युरोक्झिम. सेफॅलोस्पोरिन घराण्याच्या दुसऱ्या पिढीतले हे औषध.

या घराण्याचा जन्म गटाराच्या तोंडाशी झाला. सार्डिनिया बेटावरील कॅग्लियारी शहराचे सांडपाणी समुद्राला मिळते, तेथे 1945 साली प्रा. जुझेप्पे ब्रोत्झू यांना एक बुरशी सापडली. तिच्यापासून निघालेली औषधे जंतूला आपली भिंत बांधू देत नाहीत. भिंत कच्ची राहिली की जंतू फुटून मरतो. पहिल्या पिढीची औषधे त्वचेच्या गळवांवर चांगली चालत. दुसरीने ती ताकद बरीचशी राखून छाती, कान व सायनसचे काही चिवट जंतूही आवाक्यात आणले.

म्हणून न्यूमोनिया, कानाचा पू, सायनसची सूज, लघवीचा जंतुदोष यांत डॉक्टर ती देतात. काही शस्त्रक्रियांत चिरा देण्यापूर्वी तासाभरात तिचे इंजेक्शन देतात. साध्या सर्दीवर आणि फ्लूवर मात्र ती काडीच्या उपयोगाची नाही, कारण ते विषाणूंचे आजार. टायफॉइडवरही तिचा भरवसा धरू नये. तेथे डॉक्टर वेगळे औषध निवडतात.

गोळी जेवणानंतर घ्यावी, अंगी जास्त लागते. कुटून मुलाला देऊ नये. कडूपणा जाता जात नाही, त्यांच्यासाठी पातळ औषध मिळते. पेनिसिलिनने पूर्वी अंगावर पित्त उठले असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. जुलाब फार लागले तर लगेच कळवा. किती दिवस घ्यायची हे त्यांनीच ठरवायचे.

आता आपल्या क्षिप्रेकडे पाहा. उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी नदीचे पाणी व गाळ तपासला. त्यांत प्रतिजैविकांचे अंश आणि त्यांना दाद न देणारे ई. कोलाय जंतू आढळले. हे 2018 साली प्रसिद्ध झाले. पोटातले काही जंतू तर दुसरीच काय, तिसऱ्या पिढीलाही जुमानत नाहीत. अशा जंतूने सुनेच्या लघवीत किंवा आजोबांच्या जखमेत ठाण मांडले, तर महागडी इंजेक्शने आणि रुग्णालयातले मुक्काम आलेच.

गोठ्यातही हेच. गाईची कास सुजली तर घरातली उरलेली गोळी चारू नका, पशुवैद्यांना बोलवा. त्यांनी औषध दिल्यावर किती दिवस दूध डेअरीत घालायचे नाही, हे त्याच वेळी विचारून भिंतीवर खडूने लिहून ठेवा.