सफाई कामगारांची सुरक्षितता : आपली जबाबदारी

वर्धा जिल्हा आणि सफाईचे काम यांचे नाते जुने आहे. 1936 साली गांधीजी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. मैलासफाई एका जातीवर न सोपवता आश्रमवासीयांनी स्वतः करावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे विनोबा पवनारहून सुरगावास खांद्यावर फावडे घेऊन रोज चालत जात व तेथील मैला उचलीत. हे काम हलके नाही, हे दोघांनी आचरणातून दाखविले. परंतु कामाला मान मिळाला म्हणजे ते निर्धोक झाले, असे नव्हे. या दुसऱ्या प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

सर्वांत मोठा धोका बंद टाकीत असतो. मैला कुजताना तेथे हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात आणि प्राणवायू कमी होतो. कुजक्या अंड्यासारखा वास हा पहिल्या वायूचा इशारा. परंतु त्याचे प्रमाण वाढताच घ्राणशक्ती बधिर होते आणि इशाराच नाहीसा होतो. एक जण कोसळला की त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो व तोही प्राणास मुकतो. तोंडाला रुमाल बांधणे हा येथे उपायच नव्हे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात अथवा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली.

दुसरा धोका आपल्या कचऱ्याच्या डब्यातून जातो. फुटकी काच, दाढीची पाती, इन्सुलिनच्या सुया हाताला टोचतात. सुईतून कावीळ-ब सारखा आजार जडू शकतो. म्हणूनच 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी हा कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-ब व धनुर्वाताची लस देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले.

सुरक्षिततेचा एक क्रम आहे. प्रथम धोका मुळातूनच टाळावा. ते शक्य नसेल तर काम यंत्राकडे द्यावे. हातमोजे, बूट, मुखपट्टी ही शेवटची ढाल होय. दोन खड्ड्यांचा संडास हे पहिल्या पायरीचे उत्तम उदाहरण. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावा. वर्ष-दीड वर्षात पहिल्यातील मैल्याचे खत होते, आणि ताजा मैला कोणालाच उपसावा लागत नाही.

आपली घरे, शाळा व दवाखाने यांनी चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. टाकी उपसण्यासाठी सक्शन टँकरच बोलवावा आणि पैसे वाचतात म्हणून कोणालाही आत उतरू देऊ नये. काच व पाती जाड कागदात गुंडाळून त्यावर खूण करावी. सुया झाकणाच्या घट्ट डब्यात वेगळ्या ठेवून दवाखान्यात द्याव्यात. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा. आपल्या दोन मिनिटांच्या काळजीने दुसऱ्याचा हात, क्वचित प्राणही, वाचतो.