तुमच्या ट्रॅक्टरचे किती घोडे रानात पोहोचतात?



गेल्या उन्हाळ्यात एका गावी गेलो होतो. बांधावर एक तरुण शेतकरी डोक्याला हात लावून बसलेला. कर्ज काढून ४२ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतलेला, त्यावर ६ फुटी रोटाव्हेटर. काळ्या रानात रोटाव्हेटर खाली सोडला की इंजिन काळा धूर ओकायचे आणि दम सोडायचे. "साहेब, घेताना सांगितलं, बेचाळीस घोडे हायेत, काहीबी ओढंल. मग घोडे गेले कुठं?"

त्याचा प्रश्न रास्त होता. आज त्याचेच उत्तर पाहू.

माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापलेली अश्वशक्ती ही बहुधा इंजिनाची असते. ती शेतीच्या कामाला लागण्याआधी क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंग आणि टायर एवढ्या ठिकाणांहून जाते. दातावर दाते घासतात, ऑइल घुसळले जाते, आणि प्रत्येक ठिकाणी थोडी शक्ती उष्णता होऊन उडून जाते. दिवसभर काम केल्यावर गिअरबॉक्सला हात लावून पाहा, गरम लागेल. ती उष्णता म्हणजे तुमच्याच डिझेलचे पैसे.

ढोबळ हिशेब असा. इंजिनाचे ४२ घोडे असतील तर पी.टी.ओ. शाफ्टवर साधारण ३६ मिळतात. टायरच्या जोरावर अवजार ओढायचे तर घट्ट रानात २६ च्या आसपास, नांगरलेल्या रानात २४ आणि अगदी भुसभुशीत रानात २० वर काम येते. म्हणजे निम्मे घोडे वाटेतच राहिले!

हे मोजतात कसे? त्यासाठी डायनॅमोमीटर नावाचे यंत्र असते. सोप्या भाषेत, तो मोजमाप करणारा ब्रेक आहे. ते पी.टी.ओ. शाफ्टला जोडतात, हळूहळू भार वाढवतात आणि शाफ्टचा पीळ व फेरे मोजतात. पीळ किलोग्रॅम-मीटरमध्ये घ्यावा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि ७१६ ने भागावे. ५४० फेऱ्यांना ५० चा पीळ भरला तर जवळजवळ ३८ अश्वशक्ती झाली. शहरात मोटारगाड्याही अशाच मोजतात. तेथे चाके रोलरवर फिरवतात, त्यामुळे आकडा इंजिनाचा नसून चाकापाशी पोहोचलेल्या शक्तीचा येतो.

कंपनीच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये, हे अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीच उमगले. नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझर हा शेतकरी आमदार होता. विकत घेतलेल्या ट्रॅक्टरने त्याला दगा दिला. मग त्याने पुढाकार घेऊन १९१९ साली कायदा करवला, की चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. १९२० पासून तेथील विद्यापीठात चाचण्या सुरू झाल्या. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालात पी.टी.ओ.ची शक्ती, ओढण्याची शक्ती आणि डिझेलचा खप दिलेला असतो. ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याकडे तो अहवाल जरूर मागावा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

आणखी एक गैरसमज. खालच्या गिअरला ट्रॅक्टरची शक्ती वाढते असे बरेच जण मानतात. वाढते ती ओढ, वेग मात्र त्याच प्रमाणात घटतो. किलोतील ओढ गुणिले ताशी किलोमीटर भागिले २७० म्हणजे ओढण्याची अश्वशक्ती. नांगराला १,०८० किलो ओढ लागते आणि वेग ५ किलोमीटर आहे, तर २० अश्वशक्ती खर्ची पडते.

टायरची घसर तुम्ही घरचे घरी मोजू शकता. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार उचलून त्याच रानात चाकाचे १० फेरे करा आणि अंतर मोजा. मग अवजार लावून त्याच गिअरमध्ये पुन्हा १० फेरे करा. पहिले अंतर ४० मीटर आणि दुसरे ३४ आले, तर घसर १५ टक्के झाली. घट्ट रानात ८ ते १० टक्के ठीक, भुसभुशीत रानात १५ पर्यंत चालते. त्यापुढे गेली तर चाकाला वजने लावा किंवा टायरमध्ये पाणी भरा, अथवा अवजाराची खोली कमी करा. हवेचा फिल्टर वेळेवर साफ करावा, नोझल तपासून घ्यावेत आणि गिअरबॉक्समध्ये सांगितलेल्याच प्रतीचे ऑइल टाकावे.

गावपातळीवरील अधिकारी मित्रांनीही एक ध्यानात ठेवावे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत ट्रॅक्टरचे गट पी.टी.ओ. अश्वशक्तीवर पाडलेले आहेत. अर्ज तपासताना इंजिनाचा आकडा लिहिला गेला, तर गट चुकतो आणि हेलपाटे शेतकऱ्याच्या वाट्याला येतात.

त्या तरुणाने अखेर ६ फुटी रोटाव्हेटर तोट्यात देऊन ५ फुटी घेतला. आता काम सुरळीत चालते, पण झालेला तोटा काही भरून आला नाही. तेव्हा बंधूंनो, आधी अवजाराला पी.टी.ओ.वर किती शक्ती लागते ते विचारा, मग ट्रॅक्टरचा पी.टी.ओ.चा आकडा पाहा, आणि दोन्ही जुळले तरच व्यवहार करा. बँकेचा हप्ता सगळ्या घोड्यांचा भरावा लागतो, रानात पोहोचलेल्या घोड्यांचाच नव्हे.