फोरे यांची अखेरची रचना

ज्या इंद्रियावर जन्मभर कीर्ति उभी राहिली, तेंच वार्धक्यांत फितूर झालें तर कलावंतानें काय करावें? फ्रेंच संगीतरचनाकार गाब्रिएल फोरे यांच्या अखेरच्या कृतींत या प्रश्नाचें एक उत्तर आम्हांस सांपडतें.

फोरे यांचा जन्म १८४५ चा. १९०५ पासून १९२० पर्यंत ते पॅरिसच्या विख्यात संगीतविद्यालयाचे संचालक होते. त्याच काळांत त्यांचें बहिरेपण वाढत गेलें, आणि तेंही विलक्षण. आवाज नुसते मंद झाले नाहींत. खालचे स्वर चढलेले आणि वरचे उतरलेले ऐकूं येत. स्वतःचेंच संगीत त्यांस बेसूर लागे!

अशा स्थितींत, १९२३ च्या सप्टेंबरांत, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं दोन व्हायोलिनें, एक व्हिओला व एक चेलो यांसाठीं रचना आरंभिली. हा प्रकार युरोपांत फार अवघड मानतात. चारही वाद्यें तोलामोलाचीं. एकाचें उणें दुसऱ्याच्या आड लपत नाहीं. बेथोव्हेननें तो अशा उंचीवर नेला कीं, त्याच्यावांचून इतर सर्वांस याची धास्ती वाटते, अशा आशयाचें पत्र फोरे यांनीं पत्नीस लिहिलें होतें. त्यांच्या इतर सर्व मोठ्या बैठकीच्या रचनांत पियानोची सोबत आहे. येथें तीही त्यांनीं सोडली.

तीन भागांपैकीं मधला संथ भाग प्रथम सिद्ध झाला. पहिल्या भागांत सुमारें ४५ वर्षांपूर्वीं अपुऱ्या राहिलेल्या एका कृतींतील स्वरावली पुन्हा आल्या आहेत. तिसऱ्यांत छेडलेल्या तारांच्या साथीवर चेलो बोलूं लागतो. सुमारें २५ मिनिटांच्या या रचनेंत आक्रोश नाहीं, प्रदर्शन नाहीं. शांत, सलग संवाद मात्र आहे.

१९२४ च्या सप्टेंबरांत ती पुरी झाली. आपल्या कानांची साक्ष फोरे यांस ग्राह्य वाटेना. म्हणून त्यांनीं सांगून ठेवलें कीं, ती आधीं निवडक स्नेह्यांपुढें वाजवावी, आणि प्रसिद्ध करावी कीं नष्ट करावी, याचा निर्णय त्यांनींच द्यावा. ४ नोव्हेंबर १९२४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. १२ जून १९२५ रोजीं ही कृति पॅरिसमध्यें प्रथम जाहीर रीतीनें वाजविली गेली.

घरांतील वृद्धांस ऐकूं येईनासें झालें म्हणजे त्यांचें सांगणेंही संपलें, असें आपण सहज धरून चालतों. तसें मानण्यापूर्वीं ही रचना वाचकांनीं एकवार स्वस्थचित्तानें ऐकावी, असें आम्ही सुचवितों.