गुरुजींनी कुणाला विचारायचे?

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

मुलांना काही अडले की ती गुरुजींना विचारतात. पण गुरुजींनाच अडले, तर त्यांनी कुणाला विचारायचे? शहरातल्या मोठ्या शाळेत हा प्रश्न फारसा पडत नाही. मधल्या सुटीत चार शिक्षक एकत्र बसतात आणि बोलता बोलता मार्ग निघतो. आपल्या अमरावती-अकोला भागातल्या लहान गावांत तसे होत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वर्ग चार-पाच आणि शिक्षक दोन! त्यातले एक बैठकीसाठी तालुक्याला गेले की उरले एकटेच. अशा शाळेत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याला मुलांची सोबत भरपूर असते, पण आपल्या कामाविषयी बोलायला बरोबरीचा माणूस मिळत नाही.

ही उणीव जुन्या व्यवस्थेनेही ओळखली होती. जवळपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख आणि ठरावीक काळाने भरणारी शिक्षण परिषद, ही रचना त्यासाठीच आहे. तिथे नमुना पाठ व्हावेत आणि अडचणींवर चर्चा व्हावी, ही त्यामागची कल्पना. मात्र वर्गातली अडचण सोमवारी उभी राहते आणि परिषद असते महिनाअखेरीस. तोवर प्रश्न शिळा होतो, किंवा तसाच सोडून पुढचा धडा सुरू होतो.

इथे मोबाइल उपयोगी पडू शकतो. समाजमाध्यमांची आपली ओळख २००४ मध्ये आलेल्या ऑर्कुटने करून दिली. २०१४ मध्ये ते बंद पडले, पण तोपर्यंत फेसबुक रुळले होते आणि व्हॉट्सॲप खेड्यापर्यंत पोचू लागले होते. राज्यात २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास शिक्षकांचे गटही झपाट्याने वाढले. आज बहुतेक शिक्षकांच्या मोबाइलवर असे पाच-सहा गट सहज सापडतील. मग प्रश्न असा, की या गटांत शिक्षक खरोखर काही शिकतात का?

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. माणूस आपला व्यवसाय भाषणे ऐकून जितका शिकतो, त्याहून अधिक तो व्यवसाय करणाऱ्यांच्या सहवासात शिकतो. शिंपीकामातला शिकाऊ मुलगा आधी काजे-बटणे करतो आणि जाणत्यांचे पाहत पाहत कापड बेतण्यापर्यंत येतो. शिक्षकाचेही तसेच. म्हणून नुसता तयार मजकूर पुढे पाठवून सहवास घडत नाही. आपल्या वर्गातला प्रश्न मांडणे, दुसऱ्याने सुचवलेले करून पाहणे आणि काय झाले ते परत येऊन सांगणे, या तीन पायऱ्या झाल्या तरच शिकणे घडते.

एक उदाहरण घेऊ. समजा, दुसरी-तिसरीतला मुलगा ५२ वजा २७ चे उत्तर ३५ लिहितो. बाईंनी या वहीचा फोटो मुलाचे नाव झाकून गटात टाकला. 'मुले लक्षच देत नाहीत' असे कुणी लिहिले, तर चर्चा तिथेच संपली. पण कुणी सुचवले, की उत्तर कसे आले ते मुलालाच विचारा. मुलगा सांगतो, "सातातून दोन गेले त पाच राह्यले न बाई!" म्हणजे मुलाने विचार केला आहे. लहान अंकातून मोठा जात नाही म्हणून त्याने मोठ्यातून लहान वजा केला. मग दुसरे कुणी लिहितात, की तुऱ्हाटीच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या, आणि त्यातून २७ काढायला सांगा. सात सुट्या काड्या देण्यासाठी मुलाला एक गठ्ठा सोडावाच लागतो. हातचा म्हणजे काय, ते त्याच्या हातालाच कळते. आठवड्याने बाई गटात येऊन सांगतात, की काड्यांनी जमले, पण कागदावर अजून चुकते. तिथून पुढची चर्चा सुरू होते. अशा एका देवाणघेवाणीचे मोल शंभर सुविचारांहून जास्त आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत अनेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाळी आणि मुंडारीच्या नात्यातली. मराठीशी तिचे कूळ जुळत नाही. कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात. सपाटीवरून बदलून गेलेल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी एवढाही शब्द ठाऊक नसतो. इकडे अकोला जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी अकोट-तेल्हारा भागात, मेळघाटातून पुनर्वसित झालेली कोरकू कुटुंबे आहेत. म्हणजे अकोटच्या शिक्षकाची अडचण धारणीच्या शिक्षकाला नेमकी ठाऊक असते. पण जिल्हा परिषदा दोन, केंद्रे वेगळी, त्यामुळे शिक्षण परिषदेत या दोघांची गाठ पडणार नाही. मोबाइलवरच्या गटात मात्र पडू शकते. शब्द कसा उच्चारायचा, तेही आवाज मुद्रित करून पाठवता येते. मेळघाटातल्या काही गावांत रेंज सहज मिळत नाही, हे खरे. म्हणून अशा गटात जड चित्रफितींपेक्षा लहान मजकूर आणि आवाज बरे.

मग अनेक गट निरुपयोगी का होतात? पहिले कारण म्हणजे सगळी सरमिसळ. त्याच गटात तातडीची माहिती मागणारे आदेश, त्यातच वाढदिवस आणि त्यातच राजकारण. ऑनलाइन कामांच्या ओझ्याबद्दल शिक्षक संघटनांनी वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. जिथे वरिष्ठ हजेरी घेतात, तिथे 'मला हे शिकवता येत नाही' असे कोण लिहील? तेव्हा आदेशांचा गट वेगळा आणि शिकण्याचा वेगळा हवा. दुसरे कारण आकार. व्हॉट्सॲपच्या गटात आता हजारावर माणसे मावतात, पण अनोळखी गर्दीत कुणी मन मोकळे करत नाही. वीस-पंचवीस ओळखीची माणसे पुरतात. तिसरी गोष्ट मुलांच्या फोटोंची. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, चुकलेल्या मुलाचा चेहरा गावभर फिरू नये, एवढे भान हवेच.

मोबाइलने प्रत्यक्ष भेटीची जागा घ्यावी, असे मात्र नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले शिक्षक भाऊसाहेब चासकर यांच्या पुढाकारातून 'ॲक्टिव्ह टीचर्स फोरम' उभा राहिला. तिथे शिक्षकांचा संवाद व्हॉट्सॲपवर चालला आणि त्याला संमेलनांतल्या भेटीगाठींची जोड मिळाली. चेहरा ओळखीचा असला, की प्रश्न विचारताना संकोच वाटत नाही.

आपल्या केंद्रातही हे करता येईल. त्यासाठी नवे यंत्र नको की निधी नको. येत्या शिक्षण परिषदेत प्रत्येकाने आपल्या वर्गातला एकच खरा प्रश्न आणावा. त्यातला एक निवडून महिनाभर गटात फक्त त्यावर बोलावे, आणि पुढच्या परिषदेत काय साधले, काय नाही, ते सांगावे. गुरुजी बिनदिक्कत विचारू लागले, तर वर्गातली मुलेही विचारायला घाबरणार नाहीत.