पुरांत बुडालेल्या मालमोटारीची परीक्षा

सन २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या महापुरांत सांगली-कोल्हापुराकडे पुष्कळ वाहनें उभ्या जागीं पाण्याखालीं गेलीं; २०२१ च्या जुलैंत चिपळुणावरही तोच प्रसंग आला. पाणी ओसरतांच मालक धांवत येतो, चार मंडळी जमतात, आणि 'एकदां सेल्फ मारून तर पाहा' असा सल्ला हटकून मिळतो. हा सल्ला मानूं नये. पाण्यानें होते त्याहून मोठी हानि बहुधा या एका चावीनें होते.

त्याचें कारण असें. डिझेल इंजिनांत हवा सुमारें १५ ते २० पट दाबली जाते. एक लिटर क्षमतेचा सिलिंडर धरिल्यास, पिस्टन अगदीं वर गेला असतां उरणारी जागा ६० मिलिलिटरांच्या आसपास, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढी असते. हवा दबते, पाणी दबत नाहीं. कपभर पाणी आंत असतां स्टार्टरनें जोर केला कीं कनेक्टिंग रॉड वांकतो. कधीं कधीं इंजिन त्यानंतरही चालूं लागतें व मालक निश्चिंत होतो. पण सतत पांढरा धूर, एकाच सिलिंडरचा ठोका आणि चढावर ओढ कमी, हीं लक्षणें दिसल्यास रॉड वांकल्याचा संशय धरावा. तसा रॉड पुढें ऐन भाराच्या वेळीं तुटून इंजिनाचा ब्लॉकच फोडूं शकतो.

म्हणून प्रथम पाणी कोठवर चढलें होतें तें पाहावें. पूरग्रस्त घराचा पंचनामा करितांना भिंतीवरील खूण आधीं मोजतात, तसेंच येथें. गाळाच्या रेषेसह छायाचित्रें घ्यावीं व विमा कंपनीस कळवावें. भिजलेलें इंजिन सुरू केल्यानें झालेली हानि साध्या विम्यांत बहुधा मिळत नाहीं; इंजिन-संरक्षणाची निराळी जोड घेतली असल्यास तिच्या अटी वाचाव्या. नंतर बॅटरीची मायनस तार सोडवावी.

आतां एअर फिल्टर उघडावा. तो व त्यापुढील नळी कोरडी असल्यास अर्धी चिंता गेली. ओली किंवा गाळानें माखलेली असल्यास मिस्त्रीकडून नोझल काढवून, क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हातानेंच फिरवावें. भोकांतून पिचकारी उडते, तेव्हां कोणीं तोंड वर धरूं नये.

मग ऑइलची पट्टी पाहावी. तेल दुधाळ झालें असल्यास किंवा पातळी वाढली असल्यास पाणी शिरलें आहे. मात्र तेल स्वच्छ दिसलें म्हणून फसूं नये: पाणी जड असल्यानें तळाशीं बसतें. चेंबरचा बोल्ट हळूच सैल करावा. पाणी असेल तर तेंच आधीं ठिबकूं लागतें. हाच न्याय डिझेल टाकीस व फिल्टरखालील पाणी काढण्याच्या चकतीस लावावा.

चालत्या गाडीची गोष्ट निराळी. पाण्यांतून जातांना धाडकन बंद पडली, तर पाणी सिलिंडरांत गेलें असें समजावें व पुन्हा सेल्फ मारूं नये. पलीकडे गेल्यावर गचके खात, दम तोडत थांबली, तर डिझेलांतील पाणी शोधावें. चावी लावूनही दिवेच लागत नसल्यास दोष विजेच्या तारांत किंवा फ्यूजमध्यें असण्याचा संभव अधिक. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ नियमांच्या मालमोटारींत संगणक व संवेदक पुष्कळ असतात. त्यांचे जोड जोराच्या पिचकारीनें धुऊं नयेत. ते उघडून सुकवावे, आणि दोषाचा शोध स्कॅनर असलेल्या ठिकाणींच करावा.

इंजिन दुरुस्त झालें तरी गिअर-पेटी व मागील धुरा विसरूं नये. त्यांच्या श्वास-नळींतून पाणी शिरतें, व तें तेल कोणी पाहत नाहीं. तीं तेलें बदलावीं, चाकांचे बेअरिंग नव्या ग्रीसनें भरावे, आणि रिकाम्या गाडीनें ब्रेक आजमावल्यावांचून ऊंस किंवा कांदा भरूं नये.