परराष्ट्र धोरणाआधी अर्थशास्त्राचे दोन पेपर

सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात घराघरांत एफआरपीवर, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायच्या सरकारने ठरवलेल्या किमान दरावर, चर्चा चालते. चिखलीचा विश्वास साखर कारखाना इथलाच. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3550 रुपये एफआरपी ठरवली. असा बांधून दिलेला ऊसदर 2019 मध्ये जिनिव्हात वादाचा विषय झाला. भारत उसाला आणि साखर निर्यातीला मर्यादेबाहेर मदत देतो, अशी तक्रार ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने जागतिक व्यापार संघटनेत केली.

भारताचे म्हणणे सरळ होते. ऊस सरकार विकत घेत नाही, बिल कारखाना देतो, मग ही सरकारी मदत कशी? डिसेंबर 2021 मध्ये संघटनेच्या पॅनेलने ते फेटाळले. दर सरकार बांधून देते, तेवढे पुरे. 2014-15 पासूनच्या पाच हंगामांत उत्पादनाच्या मूल्याच्या दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली, असा निष्कर्ष निघाला. भारताने अपील केले, पण अपील मंडळ डिसेंबर 2019 पासूनच ठप्प आहे.

हा वाद नीट कळायला बांधील किमतीचा मागणी-पुरवठ्यावर काय परिणाम होतो ते ठाऊक हवे. ते सूक्ष्म अर्थशास्त्र. जून 2022 पासून साखर निर्यातीवर बंधने आली, तेव्हा महागाई, रुपयाचा भाव, परकीय चलन हे सगळे एकदम समोर आले. ते स्थूल अर्थशास्त्र.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी वॉशिंग्टनमधल्या जॉन्स हॉपकिन्स किंवा जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे दोन प्राथमिक अभ्यासक्रम सहसा आधी पूर्ण करावे लागतात. अर्ज करताना ते बाकी असले तरी बहुधा चालते. वर्ग सुरू होण्याआधी मात्र चांगल्या गुणांनी झालेले हवेत. नेमका नियम त्या वर्षीच्या प्रवेशाच्या माहितीपत्रकातच पाहावा. अनेक संस्था अशी अट घालत नाहीत, पण तिथेही अभ्यासात अर्थशास्त्र बहुधा येतेच.

आपल्याकडे राज्यशास्त्र किंवा इतिहास घेऊन बीए करणारी मुले इथेच अडतात. दहावीनंतर गणित सुटलेले असते, आलेख पाहिला की धास्ती वाटते. माझे मत स्पष्ट आहे: दुसऱ्या वर्षापर्यंतच अर्थशास्त्राचे हे दोन पेपर घ्यावेत. महाविद्यालयात जमले नाही तर ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर शिकून परीक्षा द्यावी; नुसते व्हिडिओ पाहिल्याची नोंद गुणपत्रकात होत नाही. मात्र हे गुण ग्राह्य धरतात का, हे त्या संस्थेला आधी विचारावे. गुणपत्रकावर नुसता पेपर क्रमांक असेल तर अभ्यासक्रमाची विद्यापीठाने प्रमाणित केलेली प्रत सोबत जोडावी.

अर्थकारण आणि परराष्ट्र व्यवहार यांची ही सांगड आपल्याकडे नवी नाही. याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेत जन्मलेले यशवंतराव चव्हाण 1970 ते 1974 अर्थमंत्री होते आणि त्यानंतर परराष्ट्रमंत्री झाले. साताऱ्यात शाळा शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबियात अर्थशास्त्र घेतले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला. आज असे परदेशी शिक्षण घेऊ पाहणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिचे आणि विद्यापीठाचे वेळापत्रक वेगवेगळे असते, तेव्हा दोन्ही तारखा एकत्र लिहून ठेवाव्यात.